रोहूच्या पिल्लांना हाडं नसतात

५ सप्टेंबर, सकाळ
रोहूची पिल्लं हाडं कधी धरतात, हा माझा एमएस्सीचा प्रोजेक्ट. अंड्यातून निघाल्यापासूनची पिल्लं लॅबच्या टाकीतून थोडी थोडी काढून बाटल्यांत भरलीत. आता फक्त डाय, म्हणजे रंग चढवायचा. मऊ कूर्चा निळी, हाड लाल. किती सोप्पं! महिनाअखेर सबमिशन. चुकलं तर वर्ष गेलं. पण चुकणार कोण? करावे गावचा कोळी आहे मी.

७ सप्टेंबर
लॅबमधली दिशा ऐरोलीच्या टॉवरमधली. बाटली उघडली की नाकाला रुमाल. म्हणाली, भावेश, वास बंद कर, नाहीतर मी टेबल बदलते. हात्तिच्या! आमच्याकडे मासळीचा वास लिंबानेच काढतात. सगळ्या बाटल्यांत लिंबू पिळून रात्रभर ठेवलं. गाइड मॅडमना विचारलं नाही. एवढ्याशासाठी काय विचारायचं!

८ सप्टेंबर
वास गेला. दिशा टेबलावरच. लग्नाचा विषय इतक्यात काढणार नाही.

१३ सप्टेंबर
निळा झकास चढलाय. लाल एकाही पिल्लात नाही. डाय एक्स्पायर असणार. सप्लायर चोर.

१६ सप्टेंबर, दुपार
नवा डाय. तरी लाल नाही. वडापाव खाताना ट्यूब पेटली. रोहूच्या पिल्लांना हाडं नसतातच! इतकी वर्षं लोक काय झोपले होते? पेपर लिहायला घेतला. दिशाचं नाव दुसरं टाकीन. आईला सांगितलं. म्हनाली, बिनकाट्याचा म्हावरा हाय? बाजारान लगेच खपंल.

१९ सप्टेंबर
गीतांजली मॅडमनी, म्हणजे आमच्या गाइडनी, पेपर वाचला. हसल्या नाहीत. म्हणजे पटलं. टाकीतलं एक पिल्लू स्वतः डाय करायला घेतलं. जेलसी, दुसरं काय.

२४ सप्टेंबर
मॅडमचं पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत लालभडक. काटा न् काटा. मॅडमनी विचारलं, तू बाटल्यांत काय घातलंस? लिंबू, म्हणालो. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, आंबटात एवढीशी हाडं विरघळतात रे. आणि अंड्यातून निघालेली नवी पिल्लं आता पुढच्या पावसाळ्यातच. दिशा म्हणाली, मी फक्त वासाचं बोलले होते. टेबल बदललं.

३० सप्टेंबर
सबमिशन. सगळ्यांनी दिलं. मी टाकी साफ केली. उरलेली पिल्लं बोटाएवढी झालीत, प्रोजेक्टला बाद. आईला फोनवर विचारलं, यांचं करू काय? म्हनाली, कालवनाला पन बारीक हायेत. रडू आलं. पिल्लं काचेपाशी येऊन तोंड उघडत होती. त्यांना खायला घातलं आणि घरी आलो.