ओळखू न येणारी नवरी

सोलो (जावा), ३ जून

चि. किनासिह हिस,
बुदे वुर्यानीचे, तुझ्या थोरल्या मावशीचे, आशीर्वाद.

पत्र लिहायला भाग पाडलं ते तुझ्या फोटोनं. याला लग्नाच्या मेकअपची ट्रायल म्हणतात? मान पिकल्या चिकूच्या रंगाची, चेहरा तांदळाच्या पिठाचा आणि ओठांवर तो निळसर गुलाबी! शेवटच्या आठवड्यात हळदीचं उटणं लागलं की लग्नाच्या पोशाखातले तुझे उघडे खांदे सोन्यासारखे पिवळे होतील. त्यावर हे गुलाबी तोंड म्हणजे दुसरीचं डोकं आणून बसवल्यासारखं दिसेल. माझी धाकटी बहीण, तुझी आई, आज असती तर तिनं त्या मेकअपवालीच्या हातातला ब्रश काढून घेतला असता.

दिवसाउजेडी खिडकीशी बस. गळ्याशी आधी चांदीची साखळी धर, मग सोन्याची. कुठल्या साखळीनं चेहरा खुलतो ते कळव, त्यावरून तुला शोभणारे रंग ठरवू. वेळेवर जेवत जा.

आशीर्वाद आहेतच, जोडीला थोडी अक्कलही वापर.
तुझी बुदे

क्लातेन, ७ जून

ती. बुदे यांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका. चांदीनं मी आजारी दिसले, सोन्यानं छान. पण होणाऱ्या सासूबाईंनी, बू हार्यातींनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलंय की त्यांच्याकडची माणसं गोरी, फोटोत मी एकटीच काळी नको. मेकअपवालीनं मान डोलावली. मीही. मोठ्यांना उलट बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना?

बाबांनी तो फोटो पाहिला आणि ही कुणाची मुलगी म्हणून विचारलं. सासूबाई काय खूश झाल्या! नवरी ओळखू येऊ नये, तीच तर खरी सजावट, म्हणाल्या. बाबा चहा तसाच ठेवून अंगणात गेले.

तुम्ही येऊन त्यांना सांगाल का? तुमची ती जन्माची विटकरी लिपस्टिक पाहूनच त्या गप्प बसतील.

माया आहे ती अशीच राहू द्या.
तुमची किनासिह

सोलो, ११ जून

चि. किनासिह हिस,
आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. भांडायचं मी आणि बाहुली होऊन बसायचं तू? मी येणार नाही. उलट बोलू नये असं शिकवलं, तोंड शिवून घे असं नाही. नवरीला पाहून लोकांनी क्षणभर थबकावं, ही तीच का म्हणावं आणि मग तीच म्हणून हसावं, एवढाच त्या रीतीचा अर्थ. बापालाही पत्ता लागू नये, असा नव्हे.

बू हार्यातींना नमस्कार कर, चहा दे, आणि ‘चेहरा माझ्या खांद्यांच्या रंगाचाच हवा’ असं स्वतःच्या तोंडानं सांग. पिवळसर सोनेरी पावडर, गालांवर पिकल्या पपईचा रंग, ओठांवर विटकरी. हो, माझाच! हसू नकोस.

बोललीस की लगेच कळव, तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.
तुझी बुदे

ता. क. आमंत्रण द्यायला आलेल्या तुझ्या बाबांच्या हाती दिलं ते असं: एक विटकरी लिपस्टिक, नवी. तुझ्या आईच्या लग्नातली पावडरची डबी. पावडर जुनी झाली आहे, लावू नकोस, रंग तेवढा जुळव. बाबांनी डबी उघडून बराच वेळ पाहिली. कुणाची, ते विचारलं नाही.