विकतची बुरशी

४ फेब्रुवारी, बुधवार
मेहकर गावभर सांगून झालं आमच्या मालकाचं – ‘लोक बुरशी मारायला औषध आणतात, आमची सोजरा बुरशीच विकत आणायलीय.’ पारावर हसले म्हणं. हसू द्या. दहा गुंठे वांगं माझं मी करते. लाल कोळी म्हणायची बारकी कीड, तिनं पानं तांब्यावानी केली, खालून जाळी धरली, तवा एक जण बघायला आला न्हाई. तीन औषधं मारली, कोळी मरंना. मालकाचं एकच – उपट, ऊस लावू.

शेतीखात्याची मंजुश्री म्हणाली, ‘अक्का, ही बुरशी कोळ्याच्या अंगात शिरती, आतून खाती. झाडाला काय करत न्हाई. पर दहा दिवस धीर धरा.’ मला कुठला धीर. तरी आणली. दहा दिवस थांबतो, मालकही म्हणाले.

५ फेब्रुवारी
पाणी दिलं. ऊन उतरल्यावर बुरशीची पूड पाण्यात कालवून फवारली, पानाच्या खालून. मान आखडली.

८ फेब्रुवारी
कोळी फिरायलेत. फरक न्हाई.

९ फेब्रुवारी, सोमवार
भालकीच्या बाजारातून आले तर मालक माझ्या वांग्यात, पाठीला पंप. पंपात बुरशीनाशक. ‘पानं पांढरी दिसली. भुरीचा रोग आला वाटलं. तुझंच काम केलं की.’ भुरी कशाची – माझ्याच औषधाची पूड वाळली होती. पंप हिसकून घेतला. विहिरीकडच्या चार ओळी तेवढ्या त्यांच्या फवाऱ्यातनं वाचल्या.

१० फेब्रुवारी
आज मालकांनी चहा केला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पहिल्यांदा. पिले.

१५ फेब्रुवारी, रविवार
मंजुश्री भिंग घेऊन आली. मालकांनी मारलेल्या ओळीत कोळी पळायलेत. विहिरीकडच्या ओळीत मरून पडलेत, एकेकाच्या अंगावर पांढरा कापूस. शेंडे हिरवे फुटलेत. मालकाला भिंग दिलं. लई वेळ बघितलं. ‘व्हय,’ म्हणाले. बास.

१६ फेब्रुवारी
उसाचं बेणं विकणाऱ्या शंकरप्पाचा फोन. ‘अक्का, वांग्याच्या रानात बेणं कधी टाकू? दादांनी सहा तारखेलाच सांगून ठेवलंय.’

मालकांनी सहाला बेणं सांगितलं. नऊला पंप उचलला.

जेवताना विचारलं – खरंच भुरी वाटली का? मालक भाकरी चुरत बसले. शुक्रवारपर्यंत तोंडानं सांगायचं, म्हणलं. तंवर माझ्या वांग्यात पाय ठेवायचा न्हाई.