नकारसाधना आणि मिटलेली मूठ

३ नोव्हेंबर, सोमवार

स्वस्ति श्री! वाशीमंडलमुद्राधीश, प्रतिज्ञापत्रपंचानन, रक्तचकतीलेपनाचार्य, दोन मेजे व एक डुगडुगता पंखा यांचे सार्वभौम स्वामी, शासननियुक्त नोटरी, अर्थात आम्ही, आज प्रातःकाळी आरशासमोर उभे राहून ‘नाही’ हा शब्द उच्चारण्याचा सराव केला.

निमित्त: पनवेलकडील एक व्यवसायबंधू. समोर नसलेल्या इसमाच्या कागदावर शिक्का मारून बसले. इसम दिवंगत निघाला. आता चौकशी.

आमचा शिक्का सज्ज, शाई सज्ज, नोंदवही सज्ज. मन तेवढे सज्ज नाही. समोरचा रडू लागला की आमची न्यायबुद्धी साखरेसारखी विरघळते. सबब नकारसाधना. रोज चहानंतर सौ. गिऱ्हाईक होणार, आम्ही नकार देणार.

५ नोव्हेंबर

प्रथम पाठ. सौ. वाणसामानाची यादी घेऊन आली. “भाऊ, मिस्टर दुबईला आहेत. सही त्यांचीच आहे, देवाशपथ. नुसता शिक्का मारा ना!”

आम्ही: “नियमानुसार—”

“सख्ख्या बहिणीला नियम सांगितले असते?” आणि पदर डोळ्यांना. खरे अश्रू! आमचा हात आपोआप शिक्क्याकडे गेला.

“गेलात तुरुंगात,” सौ. म्हणाली, आणि गवार मोडायला बसली.

इतकी वर्षे आपण कोणाबरोबर संसार करीत आहोत, या विचाराने दिवसभर विस्मित.

१० नोव्हेंबर

सौ.चे सूत्र: कारण द्यायचे नाही. कारण दिले की गिऱ्हाईक कारणाशी भांडत बसते. “नाही म्हणा, आणि पाणी विचारा.”

आज एका एजंटावर प्रयोग. “सही झालीय साहेब, फक्त ठप्पा.” नाही. पाणी घेणार? एजंट पाणी पिऊन गेला. विजय! मात्र नंतर दोन पेले पाणी आम्हीच प्यायलो, हे येथेच नमूद.

१४ नोव्हेंबर

तळवलीचे जगदीशशेठ आले. भाडेकरूंचे करारनामे, प्रतिज्ञापत्रे... आमचा निम्मा व्यवसाय यांच्या कृपेचा. काम घरचे. विधवा काकू अंथरुणाला खिळलेली. झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली. घरातला तिचा हिस्सा बिल्डरला द्यायचा, त्यासाठी तिचे संमतीपत्र.

“काकू कशी येनार सायब? तुमीच या.”

मूलबाळ?

“एक पोरगी, तुर्भ्याला दिलेली. तिला कशाला तरास?”

उद्या जाणार. जाणे नियमात बसते. मन मात्र...

१५ नोव्हेंबर

तळवलीला, जगदीशशेठांच्या घरी.

संमतीपत्रावर अंगठा आधीच उमटलेला. काकूंच्या डाव्या अंगठ्यावर जांभळी शाई सुकून गेलेली. “कालच घेतला मी,” जगदीशशेठ. “तुमी फक्त शिक्का मारा.”

अंगठा आमच्यादेखत लागला पाहिजे, म्हटले. हसत हसत त्यांनी शाईचा पॅड पुढे केला.

काकूंनी पॅडकडे पाहिले. मग अंगठा तळहातात घेतला आणि चार बोटे त्यावर मिटली.

“काकू, सोड ना. काय पोरासारखा करतं?” ते बोटे उकलू लागले. उकलेनात. त्या काडीसारख्या हाताची!

“हात सोडा.” हा आवाज आमचा होता, असे नंतर ध्यानी आले.

“अवो, तिची मर्जी हाय. ती बोलत नाय, मंग नाय तरी कुठं म्हनते?”

घरच्या सर्वांना बाहेर काढले. दार लोटले. खाटेजवळ बसून विचारले, “काकू, घर द्यायचंय?” मूठ आणखी घट्ट, पेरे पांढरी. “मुलीला कळवू?”

मूठ उघडली.

आम्ही उठून उभे राहिलो. का, ते सांगता येत नाही. न्यायाधीश आले की उभे राहतो, तसे.

बाहेर येऊन म्हटले, “नाही.” कारण दिले नाही. पाणीही विचारले नाही. घर त्यांचे होते.

“वाशीत नोटरी तुमी एकलेच हाव काय? झाडाखाली बसल्यात ढिगानं!”

जिन्यात शेजारीण उभी होती. मुलीचा नंबर तिने न मागता दिला. खाली येताच लावला.

१७ नोव्हेंबर

जगदीशशेठकडून एकही माणूस नाही. गाळ्यात पंख्याचाच काय तो आवाज.

सौ.ला म्हटले, आम्ही इतका सराव करून एक ‘नाही’ कसाबसा उच्चारला. त्या माउलीने वाचेविना, सरावाविना—

“सरावाविना?” सौ. म्हणाली. “जन्मभर संसार केलाय त्यांनी.”

आम्ही बाह्या सरसावल्या. भांडी विसळून दिली.

१९ नोव्हेंबर

मुलीचा, वैशालीताईंचा, फोन. भांडण करून आईला तुर्भ्याला नेले. जगदीशशेठ सांगत सुटलेत की दुसरा नोटरी तयार आहे, त्याच जुन्या अंगठ्यावर शिक्का मारील. तत्पूर्वी काकूंचे प्रतिज्ञापत्र व्हायला हवे: संमती दिलेली नाही, तो अंगठा बळजबरीचा. नाहीतर घर हातचे जाण्याची धास्ती.

आम्ही घरी येतो, म्हटले.

“नको सायब. कागद घेऊन घरी कोन आला का आय थरथरते. ती तुमच्याकडं येनार. ह्यांनी उचलून आनतो म्हनलं, तर मूठ मिटली. चाकाच्या खुर्चीवर बसून येनार, म्हनते.”

‘म्हनते.’ कन्येला मातेची भाषा अवगत आहे. उद्या अकरा वाजता. डॉक्टरांचा दाखला त्या आणतील.

ज्या बाईला कागदाचे भय घातले गेले, ती स्वतः कागदाकडे येणार आहे. खुर्चीवर बसून!

२० नोव्हेंबर, सकाळी नऊ

सिद्धता: नवा पॅड. अंगठा पुसायला ओले, मऊ फडके (सौ.ने दिले). प्रश्न मराठीत, सोपे, एकेक करून लिहिलेले. दाराला आतून कडी. जगदीशशेठ आलेच तर: नाही, आणि पाणी. मन, आश्चर्य म्हणजे, शांत.

परंतु आमच्या इमारतीच्या उतारावर, म्हणजे व्हीलचेअर वर येण्याच्या एकमेव मार्गावर, कोणीतरी स्कूटर आडवी लावून ठेवली आहे. दोन्ही चाके बसलेली. वॉचमन म्हणतो, “कोनाची ते म्हाईत नाय, लय दिवसांपास्नं हाय.” झेरॉक्सवाला म्हणतो, आपली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी फोनवर: “अर्ज द्या, मीटिंगमध्ये घेऊ.” पुढची मीटिंग केव्हा? “कोरम झाला की!”

आमची समग्र नकारसाधना या स्कूटरपुढे निष्फळ आहे. ती काही मागतच नाही.

झेरॉक्सवाल्याला घेऊन ढकलून पाहिली. हँडल लॉक. काकूंना उचलून आणायचे नाही, तर मग स्कूटरच उचलायची: चार माणसे गोळा करायला निघालो.