अकरा नंबरचं झाड

कारा-बुलाक,
२९ ऑगस्ट

एसेनबेक भावजी,

तुम्हाला आणि लेकरांना आशीर्वाद. माझं बरं आहे. गायीला कालवड झाली. सलग पाचवा उन्हाळा कोरडा गेला. झऱ्याला आता पहाटेच काय ते पाणी.

दोन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. आक्रोड झोडायला येताय, आणि दादाच्या जागी अकरा नंबरवर तुम्हीच चढणार म्हणता. चढू नका.

त्या दिवशी झाडाखाली तुम्ही म्हणालात, "दादा, गुडघे थकले असतील तर वहिनीला चढव." ते म्हणाले, "ती चढली तर आक्रोड भीतीनंच पडतील." हसत हसत चढले. फांदी मोडली. आपल्या चेष्टेनं भाऊ गेला, असं मनात धरून तुम्ही ओश शहर सोडून इकडे फिरकला नाहीत. मला ते कळत होतं. मी गप्प राहिले.

आता ऐका. आपल्या वीस झाडांना जंगलखात्यानं पोलादी पट्ट्या बांधल्यात. झाड दिवसा जरासं आक्रसतं, रात्री पाणी ओढून पुन्हा भरतं. दुष्काळात भरेनासं होतं, फांद्या ठिसूळ होतात. दर शुक्रवारी उजाडायच्या आत मी पट्टीवरचा आकडा वाचायचे, यांना बारीक रेघा दिसत नसत म्हणून. मी सांगायचे, ते वहीत लिहायचे. तीन महिने आकडा उतरला की झाडावर लाल खूण, आणि मग कुऱ्हाड.

अकरा नंबर सासूबाईंच्या वाट्याचं. त्या उन्हाळ्यात त्याचा आकडा जूनपासून उतरत होता. मी मागच्या वर्षीचेच आकडे सांगत राहिले. ते खूश व्हायचे. म्हणायचे, "बघ, म्हातारीचं झाड तहानेला दाद देत नाही." त्या भरवशावरच ते सगळ्यात उंच फांदीवर गेले.

पट्टी आता इतकी सैल आहे की आत बोट जातं. वाऱ्यानं खोडावर वाजते, तेव्हा कुणीतरी वर चढतंय असं वाटतं. मी उभी राहून ऐकते. कुणी उतरत नाही.

काल खात्याच्या माणसाला खरे आकडे दिले. सोमवारी खूण करतील. तुम्ही या. बाकीची झाडं झोडायला हात लागतील, आणि तुमच्या दादाच्या कबरीवर माती ढासळलीय, ती तुम्हीच सारखी करा.

हे वाचून वहिनी म्हणाल की नाही, ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहिते.

बुरुल