गुडघा कसा आहे?

प्रिय टिल्लू,

सहा फुटांचा घोडा झालास तरी माझ्यासाठी तू टिल्लूच, तेव्हा नाक मुरडू नकोस. आधी पाय उशीवर ठेव, मग वाच. कागदावर का लिहितेय म्हणशील, तर ईमेल केलं असतं तर तू म्हणाला असतास की आत्याच्या नावानं यंत्रच लिहितंय. हो बाबा, यंत्र! आपल्या शिडीच्या कारखान्यात फॉलोअपचं सॉफ्टवेअर आलंय. आणि आता पलंगावरून पडू नकोस, ते तुझ्या बाबांनी स्वतःहून घ्यायला लावलं.

याच गोष्टीवरून तुम्हा बापलेकांचं फाटलं होतं ना? तू म्हणायचास, गिऱ्हाइकाला एकदा भाव कळवून गप्प बसू नये, चार दिवसांनी पुन्हा विचारावं, लोक कामात विसरतात. आणि दादा म्हणायचा, चांगल्या मालाला दवंडी लागत नाही, दोनदा विचारणं म्हणजे हात पसरणं. तू बॅग भरलीस, तो पॉलिशपेपर घासत राहिला. दोन वर्षं झाली, एकानं फोन केला नाही की दुसऱ्यानं. एक नंबरचे हट्टी! खाण तशी माती, दुसरं काय? मला तुम्हा दोघांचा असा राग येतो ना, की कधीकधी दोघांनाही एका शिडीवर चढवून शिडी काढून घ्यावीशी वाटते.

यंदा मात्र ऑर्डरी आटल्या. रंगारी, दिवे बसवणारे, ग्रंथालयवाले भाव विचारायचे आणि मग तोंडाला कुलूप. एका सकाळी दादा माझ्या टेबलाशी आला आणि छताकडे बघत म्हणाला, ते पोरगं पुन्हा विचारायचं म्हणायचं, ते कसं करतात गं? तुझं नाव घेतलं नाही, पण पोरगं तर म्हणाला. मी मनातल्या मनात टुणकन उडी मारली.

काम सोपं आहे. यादीत गिऱ्हाइकांचे पत्ते भरायचे, पहिलं, दुसरं, तिसरं ईमेल लिहून ठेवायचं. उत्तर आलं की सॉफ्टवेअर त्या माणसाचा पिच्छा सोडतं, नाही आलं की ठरलेल्या दिवशी पुढचं ईमेल जातं. मजकूर मात्र दादाला स्वतःचाच हवा. पहिल्यात शिडीचं वर्णन असं, की जणू पोरीचं लग्न ठरवतोय: उंच, सडसडीत, कुरकुर न करणारी. दुसऱ्यात थेट रुसवा. आम्ही विचारलं, तुम्ही गप्प, ही काय रीत झाली? मी म्हटलं, अरे, गिऱ्हाइकं आहेत ती, तुझी लेकरं नव्हेत! पण ऐकेल तो दादा कसला. आणि गंमत बघ, ग्रंथालयाच्या बाईंचं उत्तर आलं की आई गेल्यापासून इतक्या हक्कानं मला कुणी रागावलं नव्हतं, दोन शिड्या पाठवा.

मग झाला तो घोळ. मी दाढ काढायला गेले होते. दुसऱ्या दिवशी गालाला रुमाल बांधून कॉम्प्युटर उघडते, तर उत्तरांचा नुसता पाऊस. तिसऱ्या ईमेलच्या जागी दादानं परस्पर लिहून ठेवलं होतं: गुडघा कसा आहे? जिना चढणं नको. हट्ट नको. उत्तर यावं. बस्स, एवढंच! आणि ते यादीतल्या झाडून सगळ्या गप्प बसलेल्यांना गेलं. शिड्या विकणारा माणूस गिऱ्हाइकांना चढू नका म्हणतोय! मी कपाळावर हात मारला.

पण अरे, ज्यांनी वर्षभर तोंड उघडलं नव्हतं त्यांना वाचा फुटली. दिवे बसवणाऱ्यानं तर एक्स-रेच पाठवला. एका हॉटेलच्या मॅनेजरनं घाबरून विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? आणि नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी लिहिलं, आमच्या सगळ्या कामगारांचे गुडघे बोलतात, रुंद पायऱ्यांची, बुटकी, चढायला सोपी शिडी बनवता का? बनवता का म्हणजे काय! दादानं त्याच दिवशी फळ्या कापायला घेतल्या. आता तीच शिडी सगळ्यांना हवी आहे, दोन सुतार नव्यानं ठेवलेत आणि तुझे बाबा शिट्टी वाजवत रंधा मारतात. बेसूर, पण वाजवतात.

ते कुणासाठी लिहिलं होतंस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, आपल्या म्हाताऱ्या रंगाऱ्यासाठी, त्याचा गुडघा दुखतो. मला खरं वाटलं. पण काल तो रंगारी आला आणि माकडासारखा सरसर शिडी चढून दाखवत म्हणाला, गुडघे माझे ठणठणीत आहेत हो, दुखते ती पाठ! दादा काहीतरी शोधायच्या निमित्तानं आत पळाला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

तू घसरलास, ऑपरेशन झालं, आणि बाबांना सांगू नकोस म्हणालास. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून मला सांगितलंस, म्हणजे चूक तुझीच. मी सांगितलं तेव्हा तो नुसता हं म्हणाला. आणि मी दाढेसाठी बाहेर पडल्यावर माझ्या खुर्चीत जाऊन बसला. लिहायची जागा त्याला तेवढी एकच माहीत, आणि तुझा पत्ता कॉम्प्युटरला ठाऊक असणारच, असं त्यानं धरलं. पण वेड्या, तू गिऱ्हाइकांच्या यादीत आहेस कुठे? सगळ्यांनी आपापले गुडघे सांगितले आणि ज्याला विचारलं त्याला प्रश्नच पोचला नाही. रोज सकाळी तो मला विचारतो, उत्तरं आली का? मी ऑर्डरी वाचून दाखवते, तर म्हणतो, आणखी कुणाचं? त्याला वाटतंय, तुला मिळालं आणि तू गप्प बसलास. खरं सांगायला जावं तर म्हणेल, मी कुठे त्याला लिहिलं? आणि आज चहा पिताना, कपात बघत त्यानं मला विचारलं की एखाद्याला दुसऱ्यांदा विचारायचं तर कुठलं बटण दाबायचं. टिल्लू, आपला दादा! मला रडूच फुटलं, मी दाढेचं निमित्त केलं. कारखान्याचा ईमेल पत्ता जुनाच आहे. माझं नाव काढू नकोस, शिड्यांचं काही लिहू नकोस. गुडघा कसा आहे, तेवढं त्याला कळव.

तुझीच,
तोंडाळ आत्या