पहिल्या पानावरचं नाव

नार्बोन, एलूल महिना, यहुदी सन ५०६५

चि. आस्त्रुगास,
अ. उ. आ.

तुझे अंजीर पोचले. निम्मे वाटेत ओझेवाल्याने खाल्ले असावेत. मी खुशाल आहे, फक्त डोळे मेले साथ देत नाहीत.

त्याच माणसाबरोबर ग्रीकांची ग्रहगतीची पोथी पाठवतोय. अरबीतून हिब्रूत आणता आणता माझे केस पिकले. मूळ पोथी जहाजाबरोबर बुडाली, दुसरी प्रत लिहायला मला दिसत नाही. जगात आता ही एवढीच. तुझे यजमान, आमचे जावईबापू, तिथल्या पंचांत आहेत. दाढी वाढवण्यातून सवड मिळाली तर त्यांनी मान्यता मिळवावी, म्हणजे नकला होतील. पंचविशीच्या आत ग्रीकांची विद्या वाचायला बंदी झालीय, ठाऊक आहे. म्हाताऱ्यांना तरी वाचू द्या म्हणावं.

जाळा म्हणणारेही निघतील. म्हणून पहिल्याच पानावर देवाचं पवित्र नाव, एरवी कुणी पुरतं लिहीत नाही ते, चारही अक्षरांत घातलंय. ते आगीत टाकायची कुणाची छाती आहे?

लोभ आहेच, तो वाढव.
विदालदादा

पर्पिन्याँ, तिश्री ५०६६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. पंचांत खडाजंगी झाली. पोरं चोरून वाचतील आणि प्रार्थना सोडून तारे मोजत बसतील, असं एकांचं म्हणणं. तू नावं ठेवतोस, पण ह्यांनी तुझीच बाजू घेतली. ग्रहणंही देवाचीच ना, म्हणाले. कुणी ऐकलं नाही. जाळायचं ठरत होतं, तेवढ्यात पहिलं पान उघडलं आणि ते नाव दिसलं. मग रिवाजाप्रमाणे ठरलं: देवाचं नाव असलेली पोथी जाळायची नाही, पुरायची.

काल दफनभूमीत मडक्यात घालून पुरली. तागाचं कापड मीच शिवलं, दुसऱ्या कुणाचा हात नको वाटला. अरबी भाषा तुला बाबांनी शिकवली, म्हणून त्यांच्या कबरीशेजारची जागा मागून घेतली. परत काढता येत नाही रे. मी विचारून पाहिलं.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
आस्त्रुगा

नार्बोन, हेश्वान ५०६६

चि. आस्त्रुगास,
अ. उ. आ.

अक्षर शेजाऱ्याचं आहे, मी सांगतोय.

तुझा काही दोष नाही. जाळली असती तर निदान बोंब मारता आली असती. इतक्या मानाने पुरल्यावर शिव्या कुणाला देऊ? नाव तर मीच घातलं. जावईबापूंना सांग, बोललो ते सगळं मागे घेतलं, दाढीचं सोडून.

इथे पावसाने चार दिवस झड लावलीय. तिकडेही असेलच. मडक्याचं तोंड मेणाने बंद केलं होतंस का? केलं नसलं तर कळवू नकोस.

लोभ असू दे.
विदालदादा