बंदुकीच्या गोळीला रफू

नाही, माझ्या दुकानात गोळीबार झालेला नाही. तू विचारलेलं नाहीस, मला ठाऊक आहे, पण समोरची चष्म्याच्या दुकानवाली तुझ्या बायकोच्या मावसबहिणीची मैत्रीण लागते, तेव्हा आज ना उद्या विचारशीलच. बंदूक लाकडाची होती. रक्त म्हणजे लाल शाई. आणि जो माणूस माझ्या दारात पालथा पडलेला तिने पाहिला, तो नंतर उठून चहा पिऊन स्वतःच्या पायांनी घरी गेला. झालं. आता या विषयावर तिच्याकडून काही ऐकू नकोस, तिला स्वतःच्या दुकानात इतके चष्मे असून नीट दिसत नाही.

आता रीतीचं. चिरंजीव धाकट्यास थोरलीचा आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला काय म्हणतोय तो डॉक्टर? दिवसभर काउंटरमागे उभा राहतोस, बसायला एक उंच स्टूल घे म्हणून किती वेळा सांगितलं, पण माझं ऐकेल तो तू कसला. बायकोची पाठ बरी असेल अशी आशा आहे. माझी तब्येत चांगली आहे, विचारत जाऊ नकोस, विचारलं की बिघडते. तुझी लेक इथे माझ्याकडे खाते, पिते, झोपते आणि पास झालेली आहे. हे वाक्य मी मुद्दाम मध्येच टाकलंय, कारण तू पत्रं शेवटपासून वाचतोस आणि मग फोनवर अर्धवट ओरडतोस. पास झाली. आता शांतपणे पुढचं वाच.

तुला आठवत असेल, मागच्या खेपेला ती जी हरवलेल्या कुत्र्याची फिल्म केली होती, तिच्यात ती नापास झाली. फिल्म बरी होती म्हणे, कुत्रंही चांगलं होतं, पण यांच्या कॉलेजात नुसती फिल्म करून भागत नाही, नंतर तिचं मूल्यमापन लिहावं लागतं. मूल्यमापन म्हणजे आपण काय काय माती खाल्ली ते आपणच सविस्तर लिहून द्यायचं. (मी चाळीसेक वर्षं कपडे शिवतेय, एकाही गिऱ्हाइकाला असं लिहून दिलेलं नाही.) पोरीने लिहिलं की सगळं छान झालं, सगळ्यांनी छान काम केलं, कुत्र्याने तर फारच छान. त्यावर त्यांच्या बाईंनी शेरा मारला की हे मूल्यमापन नाही, ही जाहिरात आहे. आणि मग तू फोन केलास, की या वेळी पुन्हा गचकली तर कोर्स बंद, सरळ घरी यायचं आणि औषधांच्या दुकानात बसायचं. तुझा तो फोन झाल्यापासून पोरगी भांड्याचा आवाज झाला तरी दचकत होती. तुला वाटलं तू शिस्त लावलीस. असो.

तर या वेळची फिल्म युद्धातली. छोटीशी, पण श्वास रोखून बघायची असली. कुठलं युद्ध म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘कुठलंही, आत्या.’ म्हटलं कुठलंही कसं, निदान एक तरी शत्रू लागेल ना. म्हणाली, ‘ड्रायव्हिंग शिकवणारे काका आहेत ना, ते शत्रू.’ ते गृहस्थ मिशीमुळे निवडले. आयुष्यभर लोकांच्या शेजारी बसून आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवलेला माणूस, त्याच्या चेहऱ्यावर आपोआपच युद्धासारखं काहीतरी असतं. जखमी झालेला तो तिच्याच वर्गातला, त्याला सगळे काडी म्हणतात, आणि म्हणतात ते बरोबर आहे. कॅमेरा एका गंभीर मुलीकडे, ती बोलतच नाही, नुसती माझ्या दुकानातले दिवे घालवते. आणि दुकान माझं. कारण गोष्ट शिंप्याच्या दुकानात घडते आणि फुकटातलं शिंप्याचं दुकान दुसरं कुणाचं मिळणार.

शिंपीणबाईचं काम बँकेतली एक बाई करणार होती. तिचा घसा बसला. (कामात एक शब्दही बोलायचा नव्हता, तरी घसा बसला म्हणून आली नाही. नाटकी बायका.) मग तुझी लेक माझ्याकडे अशी बघायला लागली की मी म्हटलं, करते, पण माझी एकच अट. मला गोष्ट सांगायची नाही. ती तीनदा कागद घेऊन आली. भिंतीवर चित्रं चिकटवली होती, पहिलं चित्र, दुसरं चित्र, बाणबिण काढलेले. मी म्हटलं, बाई गं, माझ्याकडे शाळेचे गणवेश पडलेत, मला काय करायचं तेवढं सांग, का करायचं ते तू तुझ्यापाशी ठेव. म्हणाली, मशीनवर बसायचं, शिवत राहायचं, वर बघायचं नाही. म्हटलं मग रोजच्यापेक्षा वेगळं काय.

पहिल्या दिवशी खिडक्यांना काळे कागद लागले. काडी धावत आला, पडला, त्याच्या अंगातला कोट काढून मी भिंतीवरच्या बाकीच्या कपड्यांत टांगला आणि तो ट्रायलच्या पडद्यामागे लपला. एवढंच बारा वेळा, तेही अंधारात, हातात कुठला कोट आहे ते मला धड दिसेना. मधेच एक गिऱ्हाईक पँट घालून बघायला पडद्यामागे गेलं आणि आत रक्ताने भिजलेला माणूस बघून पँट न घेताच गेलं. अजून आलेलं नाही. संध्याकाळी सगळे सामान आवरून गेले. मी कपडे मोजायला गेले तर काय दिसलं, टांगलेल्या कोटाला छातीपाशी एक भोक. कडा जळलेल्या. भोवती लाल शाई. आणि कोट कुणाचा? तुझा. तोच राखाडी, लग्नातला, पोटावर सैल करायला टाकून गेलास तो. (मला हे तुला कळू द्यायचं नव्हतं. पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, नाहीतर मी अजिबात सांगितलं नसतं.)

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पोरीचं तोंड आठवलं, तुझा तो फोन आठवला, आणि म्हटलं आता हे त्याला कळलं तर काही खरं नाही, परीक्षा राहील बाजूला आणि कोटावरून रामायण होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोकं यायच्या आधी शाई साबणाने काढली, आतल्या शिलाईतले त्याच कापडाचे धागे ओढले आणि रफू करून टाकलं. इस्त्री फिरवली. परत जागच्या जागी टांगला. आणि गप्प बसले, म्हणजे तिलाही वाईट वाटायला नको. किती समजूतदारपणे वागले बघ.

आता गोष्ट अशी होती, जी मला सगळ्यात शेवटी कळली. शत्रूचा अधिकारी बटण लावून घ्यायला दुकानात येतो. बसून राहतो. टांगलेल्या कपड्यांवरून हात फिरवतो. आणि एका कोटाला त्याला गोळीचं भोक सापडतं. मग बंदूक, मग पडदा बाजूला, मग सगळे मरतात. (नंतर मी विचारलं, मीपण? म्हणाली, ‘युद्ध आहे, आत्या.’) सगळी फिल्म त्या एका भोकावर टांगलेली. भोकाचा मोठा करून फोटोसुद्धा आदल्या दिवशीच घेऊन ठेवलेला.

कॅमेरा सुरू झाला. मी खाली मान घालून गणवेश शिवतेय. ड्रायव्हिंगवाले उठले, कपड्यांवरून हात फिरवला. फिरवला. परत फिरवला. भोक कुठाय. बिचारे थांबेनात, कारण थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही असं त्यांना बजावलेलं. त्यांना घाम फुटला. एकेक कोट उलटा करून बघू लागले, अस्तरात बोटं घालू लागले, परीटघडीचे शर्ट चुरगाळायला लागले. आणि इकडे तुझी लेक थिजलेली, थांब म्हणायचंसुद्धा विसरली. माझं काय, मला वर बघायचं नाही असं सांगितलेलं. पण गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कुणी असा हात लावायला लागलं तर मी कुणाचं ऐकणार. मी वर बघितलं आणि म्हटलं, ‘ओ, हात बाजूला. बटण लावून झालंय, कोट घ्या आणि चालते व्हा.’

ते इतके दचकले की ‘हो ताई’ म्हणाले, आपला कोट घेतला आणि गेले. बंदूक मशीनवर विसरून. मी ती उचलून कातरीशेजारी ठेवली, पसारा नको म्हणून, आणि शिवायला लागले. मग कुठे कुणीतरी थांबा म्हणालं.

पोरगी माझ्याकडे आली ती रडतच. भोक, आत्या, भोक कुठं गेलं. मी म्हटलं भोक गेलं ते बरं झालं, बापाने तुला विचारलं असतं तर काय सांगणार होतीस. तेव्हा मला गोष्ट कळली. दुसरं काही करता येईना, ड्रायव्हिंगवाल्यांची शिकवणीची वेळ झाली होती आणि कॅमेरा परत द्यायचा होता. आहे तसंच जोडलं. जोडल्यावर काय झालं, तर आदल्या दिवशीचं भोक दिसतं, मग मी शिवताना दिसते, मग तो शोधत बसतो आणि भोक नाही. कुणीच मरत नाही. बाहेरून परीक्षक आले होते, टक्कल पडलेले, रुमालाने सारखं नाक पुसणारे, ते बघून खूश. म्हणाले, न बोलता रफू करून माणूस वाचवते, काय योजना आहे, मुली, हे तुला सुचलं कसं? तुझी लेक म्हणाली, लिहून देते, सर.

आणि तिथे घोडं अडलं. लिहायचं काय? वर्गातले सगळे म्हणाले, ठरवून केलं म्हणून लिही. काडी म्हणाला, ती कॅमेरेवालीसुद्धा म्हणाली, ती तर एरवी बोलतच नाही. आणि मीही म्हटलं, उगाच लपवत नाही. म्हटलं लिहून टाक ठरवून केलं, माणूस स्वतःहून तोंडात साखर घालतोय तर तू थुंकतेस कशाला, आणि बापाच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या मोजत बसायचंय का. ती कापायच्या टेबलावर कागद पसरून बसून राहिली. जेवली नाही. लिहायची, फाडायची. टेबलाखाली चिंध्यांपेक्षा तिचेच कागद जास्त झाले. मी म्हटलं, सरळ लिही आणि जेवायला ये. म्हणाली, ‘सरळ कुठलं, तेच तर कळत नाहीये.’

शेवटी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, ते असं: फिल्ममधला सगळ्यात चांगला भाग माझा नाही, तो चुकून झाला. आत्याने भोक बुजवलं, कारण भोक कशासाठी आहे ते तिला माहीत नव्हतं. ते तिला सांगणं माझं काम होतं. मी तीनदा गेले आणि तीनदा परत आले. चौथ्यांदा जायला हवं होतं. माझ्या गोष्टीत सगळे मरत होते, आणि ते मी ठरवलं होतं कारण मला दुसरा शेवट सुचत नव्हता. आत्याचा बरा आहे. असं सगळं. म्हटलं तर मला राग आला. माझ्याबद्दल लिहिलंय की आत्याला काही सांगायला जाणं हे चढावर सायकल नेण्यासारखं आहे. पण खोटं आहे असं म्हणता येईना.

निकालाला मी गेले होते सोबत, तिला एकटीला पाठवून मला घरी काम सुचलं नसतं. त्यांनी तिला आत बोलावलं, दार लावलं. मी बाहेर बाकावर बसले, एक पायजमा नेला होता दुमडायला. आतून परीक्षकांचा आवाज येत होता, चढलेला, म्हणजे मी इतकं कौतुक केलं आणि हा अपघात होता का, अशातला. मग त्यांच्या बाईंचा. मग पोरगी बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली, आणि मागून बाई आल्या, म्हणाल्या, तुम्ही आत्या का. म्हटलं हो, काय झालं. म्हणाल्या, फिल्मचे थोडे मार्क कापलेत, पण लिहिलंय ते या वर्षातलं एकमेव खरं मूल्यमापन आहे, पास आहे. मी म्हटलं बरं. एवढंच म्हटलं. घरी आल्यावर दिसलं की पायजम्याचे दोन्ही पाय मी एकमेकांना शिवून ठेवलेत. ते उसवले. तू यातून उगाच काही अर्थ काढू नकोस, उजेड कमी होता.

त्या रात्री मात्र झोप चांगली लागली, पोरीलाही आणि मलाही. आता तूही झोप.

तुझी,
थोरली

ता. क. कोट सैल करून तयार आहे. कुठे भोक होतं ते शोधून दाखवलंस तर शिलाई माझ्याकडून फुकट.

ता. क. आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण मध्ये बाकीचं आलं. तिची पुढच्या वर्षाची फिल्म औषधांच्या दुकानात घडते. तिला दुकानात बसवायचं म्हणत होतास ना, तर येतेय बसायला. सोबत काडी, कॅमेरेवाली आणि ड्रायव्हिंगवाले. ड्रायव्हिंगवाल्यांना खोकल्याचं औषध आधीच दे, मध्ये खोकतात. सुट्टीत दोन दिवस शटर खाली ठेवावं लागेल. मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलंय.

ता. क. शेवटचं. तुलाही त्यात काम आहे. काय ते मला विचारू नकोस, फोन करू नकोस, बायकोकडून विचारवू नकोस. मी सांगणार नाही.